चूक पोटात घालणारा रस्ता

नोकरीच्या निमित्ताने मी चार राज्यांत राहिले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तिथली भाषा शिकायला सुरुवात केली ती वर्तमानपत्राच्या स्थानिक पानापासून. त्या पानावर रोज हमखास भेटणारा एक शब्द असतो. मराठीत तो 'अपघात'. कन्नडमध्येही 'अपघात'च. हिंदीत आणि बांगलात 'दुर्घटना'. गुजरातीत 'अकस्मात'. तमिळमध्ये 'विपत्तु', म्हणजे आपली विपत्ती. आणि तेलुगूत 'प्रमादम्'.

हे सगळे शब्द संस्कृताच्या घरातले आहेत आणि एकाच घटनेला लावलेले आहेत. पण प्रत्येकाने तिची वेगळी बाजू धरली आहे. गुजराती म्हणते, अचानक झालं. हिंदी म्हणते, वाईट घडलं. तमिळ म्हणते, संकट आलं. मराठी आणि कन्नड म्हणतात, घात झाला. आणि तेलुगूने घेतलेला शब्द तर मराठीत आपण चुकीसाठी, गफलतीसाठी वापरतो. बोलणाऱ्याच्या मनात आज हे मूळ अर्थ असतात असं नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. तरी या शब्दांनी एक प्रश्न आपल्यापुढे मांडून ठेवला आहे. रस्त्यावर माणूस मरतो तेव्हा तो 'अकस्मात' असतो की 'प्रमाद'? आणि प्रमाद असेल तर तो कोणाचा?

प्रश्न शब्दकोशातला वाटेल, पण त्याचं उत्तर दर वर्षी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिलं जातं. रस्त्यावरचा मृत्यू हा नशिबाचा भाग असेल तर नगरपालिकेने फार तर शोक व्यक्त करावा. तो चालणाऱ्याच्या किंवा चालवणाऱ्याच्या चुकीचा परिणाम असेल तर पाट्या लावाव्यात, दंड करावा, शाळाशाळांतून रस्ता सुरक्षा सप्ताह साजरा करावा. पण त्या चुकीला मरणाची शिक्षा ठोठावणारा रस्ताच कोणीतरी आखलेला, मंजूर केलेला आणि बिल काढून बांधलेला असेल, तर मग प्रमादाच्या यादीत आणखी काही नावं घालावी लागतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. याच अहवालात मृत्यूंची विभागणी वाहतुकीच्या नियमभंगाप्रमाणे केलेली असते: अतिवेग, उलट्या बाजूने गाडी चालवणं, दारू, मोबाइल, सिग्नल तोडणं. त्यात अतिवेगाचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. दुसऱ्या एका तक्त्यात रस्ता कसा होता ते सांगितलेलं असतं: सरळ, वळणाचा, पुलाचा, खड्ड्यांचा. सर्वांत जास्त माणसं सरळ रस्त्यावर मेलेली दिसतात. हे दोन तक्ते शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट लक्षात येते. अतिवेग हा चालकाचा दोष खराच; पण वेग हवेतून येत नाही. सरळ, रुंद, मध्ये कुठेही अडवणूक न करणारा रस्ता स्वतःच वेग सुचवत असतो. पाटी म्हणते तीस, रस्ता म्हणतो सत्तर, आणि पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर पाटीपेक्षा रस्त्याचं जास्त ऐकतो.

आपल्याकडे विहिरीला कठडा बांधण्याची रीत आहे. ज्याने कोणी पहिला कठडा बांधला असेल त्याने माणसाच्या स्वभावाबद्दल काही गोष्टी गृहीत धरल्या असणार. पोरं खेळता खेळता धावत येतील. अंधारात कोणाचा अंदाज चुकेल. कोणी प्यालेलं असेल, कोणी दुःखात असेल, कोणाची नजर कमी झालेली असेल. गावाने विहिरीशेजारी 'सावध राहा' एवढी पाटी लावून हात झटकले असते, आणि उद्या पोर पडलं असतं, तर 'पोराने बघून चालायला नको होतं का?' असं म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. कठडा ही चुकीला दिलेली सवलत नाही. माणसं चुकणार, आणि चुकली म्हणून ती मरता कामा नयेत, असं गावाने आधीच ठरवून ठेवल्याची ती खूण आहे. मराठीत याला चूक पोटात घालणं म्हणतात. आई घालते, थोरली जाऊ घालते, क्वचित मास्तर घालतात. रस्त्याने का घालू नये, एवढाच माझा मुद्दा आहे.

ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने जे धोरण स्वीकारलं त्याचा गाभा हाच आहे. 'व्हिजन झीरो' या नावाने ते जगभर ओळखलं जातं. त्याची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने होते, पण मुळात ते एक नैतिक विधान आहे: रस्त्यावर कोणी मरणं किंवा कायमचं जायबंदी होणं ही प्रवासाची रास्त किंमत मानता येणार नाही. त्यातून जबाबदारीची एक वेगळी उतरंड तयार झाली. पहिली जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांची. वापरणाऱ्यांनी नियम पाळायचे. ते त्यांनी पाळले नाहीत, आणि त्यामुळे माणसं मरू लागली, तर जबाबदारी पुन्हा आखणाऱ्यांकडेच परत येते. या शेवटच्या पायरीपाशी आपल्याकडचे लोक अडखळतात. नियम मोडला त्याने, आणि जाब विचारायचा अभियंत्याला?

ही अडखळ मी हसण्यावारी नेणार नाही. 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे वाक्य मी चारही राज्यांत, चारही भाषांत ऐकलं आहे, आणि बोलणारे सगळेच काही निष्ठुर नव्हते. त्यांची शंका अशी: रस्ताच जर सगळ्या चुका सांभाळून घेणार असेल तर माणूस जबाबदार कशाला होईल? लाडाने मूल बिघडतं तसा नागरिक बिघडेल.

याला मला दोन उत्तरं द्यावीशी वाटतात. पहिलं शिक्षेच्या मापाबद्दल आहे. झेब्रा क्रॉसिंग दोनशे पावलं लांब आहे म्हणून एक बाई मधूनच रस्ता ओलांडते. समजा, ही तिची चूक. जगातलं कोणतंही न्यायालय या चुकीला देहदंड देणार नाही. पण रस्ता देतो, तोही सुनावणीशिवाय. तिला शिस्त लागावी म्हणून नगरपालिका दुभाजकावर लोखंडी जाळी बसवते आणि पलीकडे जायला चाळीसएक पायऱ्यांचा पूल बांधते. गुडघे दुखणारी बाई मग जाळीच्या फटीतून वाकून जाते, आणि आपण म्हणतो, बघा, पूल बांधून दिला तरी वापरत नाहीत. चाळीस पायऱ्या चढायच्या कोणी, आणि सपाट रस्त्यावरून न थांबता जायचं कोणी, हे ठरवताना त्या बाईला कोणी विचारलेलं नसतं. शिस्त मागण्याआधी नियम पाळणं सगळ्यांना शक्य आहे ना, एवढं तरी पाहायला हवं.

दुसरं उत्तर चुकीच्या दिशेबद्दल आहे. चालणारा चुकतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. गाडी चालवणारा चुकतो तेव्हा तो दुसऱ्याचा घालतो. हा फरक पदार्थविज्ञानाचा आहे, पण त्याला नीतीचं वजन आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० ने जाणारी गाडी दीडपटीहून थोडी अधिक वेगवान असते, पण तिची धडक पावणेतीन पटींहून जड असते. ज्याच्या हातात एवढं वजन आहे त्याच्याकडून अधिक काळजीची अपेक्षा करणं हा अन्याय नव्हे. आपण तलवार धरणाऱ्याकडून आणि काठी टेकत चालणाऱ्याकडून सारख्याच सावधपणाची अपेक्षा करत नाही.

गंमत म्हणजे, क्षमाशील रस्ता ही कल्पना अभियंत्यांना नवी नाही. महामार्ग आखताना ते हा विचार फार पूर्वीपासून करत आले आहेत: गाडी रस्ता सोडून बाजूला गेलीच तर झाडावर आदळू नये म्हणून कडेची पट्टी मोकळी ठेवायची, वळणावर कठडे बसवायचे, खांब असे करायचे की धडक बसताच तेच मोडावेत. म्हणजे चूक पोटात घालण्याची कला आपल्याला येते. ती आपण प्रथम मोटारीत बसलेल्यासाठी वापरली. शहरातल्या रस्त्यावर चालणाऱ्यापर्यंत ती पोहोचायची राहिली.

पोहोचवायची तर कोणाच्या तरी खिशातून काहीतरी जाणार, हेही मान्य करायला हवं. दोन किलोमीटरचा रस्ता ५० च्या वेगाने कापायला दोन मिनिटं चोवीस सेकंद लागतात आणि ३० च्या वेगाने चार मिनिटं. फरक शहाण्णव सेकंदांचा. कोणी म्हणेल, दिवसाला हजार गाड्या जात असतील तर हजार वेळा शहाण्णव सेकंद, म्हणजे रोजचे सव्वीस तासांहून अधिक मनुष्यबळ वाया गेलं. कधीतरी वाचणाऱ्या एका जिवासाठी एवढी किंमत? हिशेब चोख आहे, पण बेरीज चुकीच्या गोष्टींची आहे. ते सव्वीस तास कोणा एकाच्या आयुष्यातून जात नाहीत. ते हजार जणांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चहा गार होण्याइतकाही वेळ येत नाही. मरण मात्र वाटून घेता येत नाही. ते अख्खंच्या अख्खं एकाच्या वाट्याला येतं. हजार लहान गैरसोयी एकावर एक रचून त्यांचा एक मृत्यू होत नाही, आणि असा हिशेब करणाऱ्याला त्याच्या मुलीचं नाव त्या दुसऱ्या रकान्यात लिहायला सांगितलं तर तो वही मिटून ठेवेल.

शिवाय रस्त्यावर आपली भूमिका बदलत असते. सकाळी दहाला गाडी चालवणारा दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी लावून रस्ता ओलांडतो. आणि आयुष्याच्या मापाने पाहिलं तर प्रत्येक जण सुरुवातीला दुसऱ्याचं बोट धरून चालणारा असतो आणि शेवटी काठी धरून. मधली तीस-चाळीस वर्षं आपण जोरात असतो, आणि शहराचे नकाशे नेमके त्याच वयाची माणसं काढतात.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि गेली अकरा वर्षं माझ्याकडे राहते, ज्या शहराची भाषा तिला तोडकीमोडकीच येते तिथे. सुरुवातीची काही वर्षं ती रोज संध्याकाळी एकटी समोरचा रस्ता ओलांडून मारुतीच्या देवळात जायची. तिथे तिला तिच्याच वयाच्या दोघी भेटल्या होत्या, एक तेलुगू आणि एक कानडी, आणि तिघींची मिळून एक भाषा तयार झाली होती जी चौथ्याला कळत नसे. मग रस्ता रुंद झाला. दोनाच्या चार मार्गिका झाल्या, मध्ये दुभाजक आला, फूटपाथ गुडघाभर उंच झाला. आईने आधी आठवड्यातून तीन दिवस जायला सुरुवात केली, मग मी सोबत असेन तेव्हाच, आणि मग जाणं बंदच केलं. तिला कोणी मनाई केली नाही. तिच्या पायांना काही झालेलं नाही. ती घरातल्या घरात, सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, मोजून चाळीस फेऱ्या मारते.

आम्ही शेजारच्या काही जणांनी सह्या गोळा करून अर्ज केला: देवळासमोर रस्त्यापेक्षा थोडं उंच केलेलं क्रॉसिंग हवं, म्हणजे गाड्या आपोआप हळू होतील. तिथल्या तरुण अभियंत्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, अर्ज नीट वाचला, संगणकात काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, या ठिकाणी गेल्या तीन वर्षांत एकही अपघात नोंदलेला नाही. प्राधान्य यादीत कसं बसवणार?" तो खोटं बोलत नव्हता आणि टाळतही नव्हता. त्याच्या हातात जे माप दिलेलं होतं त्याने तो मोजत होता. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, कसा होईल? आम्ही जातोय कुठे तिकडे?"

आईचं हे वाक्य मी वाचलेल्या कोणत्याही अहवालापेक्षा मला अधिक नेमकं वाटतं. आपल्याकडे अपघातप्रवण क्षेत्र, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवण्याची व्याख्या आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी ती अशी: सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा मृत्यू. पैसा मर्यादित असताना सर्वांत वाईट ठिकाणं आधी दुरुस्त करावीत, यात तर्क आहे. पण या तर्कात रस्त्याला मदतीसाठी पात्र होण्याकरता आधी माणसं द्यावी लागतात. आणि ज्या रस्त्याने माणसांना इतकं घाबरवलं की ती यायचीच थांबली, तो रस्ता कागदावर सर्वांत सुरक्षित ठरतो. शून्य दोन प्रकारचं असतं. एक, जिथे माणसं चालतात आणि मरत नाहीत. दुसरं, जिथे मरायला कोणी उरलेलंच नसतं. तक्त्यात दोन्ही शून्यं सारखीच दिसतात.

एखाद्या जागेतून माणसांना कायद्याने मनाई न करता बाहेर ठेवता येतं, हे या देशाला शिकवायची गरज नाही. आणि उलटही खरं आहे: कागदावर जागा खुली केली म्हणून ती खुली होत नाही. १८९३ साली त्रावणकोरात अय्यनकाळी बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून गेले. दलिताने त्या रस्त्यावरून तसं जाणं हेच बंड होतं. १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हे, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून, आणि जवळजवळ वीस महिन्यांनी तडजोड झाली तेव्हा चारांपैकी तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले. त्याच १९२४ साली इकडे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांसाठी खुलं असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि त्याची किंमत त्यांनी अंगावर मार झेलून दिली.

जातीच्या अपमानाची आणि वाहनांच्या भीतीची मी बरोबरी करत नाही. एकात माणूसपणच नाकारलेलं होतं. दुसऱ्यात ते बहुतेक वेळा फक्त विसरलं जातं. पण स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामाबद्दल महाड एक गोष्ट शिकवून गेलं आहे. 'सर्वांसाठी' हा शब्द ठरावात लिहिल्याने खरा होत नाही. ज्याला आजवर येता येत नव्हतं तो प्रत्यक्ष आला, आणि सुखरूप परत गेला, म्हणजे तो खरा होतो.

आपल्या शहरांत आता ठरावांची वानवा नाही. चेन्नई महापालिकेने २०१४ साली चालणाऱ्यांना आणि सायकलींना प्राधान्य देणारं धोरण स्वीकारलं. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण केलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असं लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं. रस्त्याच्या सदोष आखणीमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे. पण प्रमादाच्या यादीत रस्ता बांधणाऱ्याचं नाव कायद्याने लिहिलं गेलं, हे किरकोळ नाही.

यांतलं काही प्रत्यक्षातही उतरलं. चेन्नईच्या पाँडी बझारमध्ये २०१९ पासून रुंद पदपथ आहेत, आणि तिथे म्हातारी माणसं नुसती बसलेली दिसतात. हे दृश्य आपल्या बाजारपेठांत किती दुर्मीळ आहे ते आठवून पाहा. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात वाहनं बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्याला बैलपोळा म्हणून हिणवता येईल: एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मानेवर जू. पण त्या एका दिवशी दुकानं बुडत नाहीत आणि शहर थांबत नाही, हे हजारो जण डोळ्यांनी पाहतात. 'आपल्याकडे हे शक्यच नाही' या वाक्याला त्यानंतर पहिल्यासारखा जोर राहत नाही. नेदरलँड्सकडेही आज आपण जन्मजात शिस्तीचा देश म्हणून पाहतो, पण १९७१ साली त्या छोट्याशा देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर मेली होती आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. 'मुलांचे खून थांबवा' असं म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले, त्यानंतर तिथले रस्ते बदलले. म्हणजे नीट वागणारी माणसं आधी होती म्हणून तसे रस्ते झाले, असं नाही.

खरा पेच १.८ मीटरच्या त्या पट्टीवर आहे. तिच्यावर विजेचा डीपी बॉक्स असतो, झाड असतं, शुभेच्छांचा फलक असतो, लावलेल्या दुचाकी असतात, आणि भाजीची पथारीही असते. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने म्हटलं की वापरण्याजोगे फूटपाथ मिळणं हाही अनुच्छेद २१ खाली पादचाऱ्यांचा हक्क आहे. म्हणजे जगण्याच्या एकाच हक्काचे दोन दावेदार, आणि जागा तीच. पाँडी बझारमधले पथारीवाले तर रस्ता सुंदर होण्याच्या काही वर्षं आधीच एका बहुमजली इमारतीत हलवले गेले होते. पायऱ्या चढून कांदे घ्यायला किती जण जातात, हे कोणत्याही शहरातल्या रिकाम्या मंडईत जाऊन पाहावं.

मला या भांडणात एक गोष्ट खटकते. भांडण नेहमी चालणाऱ्यात आणि विकणाऱ्यात लावलं जातं, म्हणजे दोन दुबळ्यांत, आणि तेही सर्वांत अरुंद पट्टीसाठी. शेजारी डांबराची दहा-बारा मीटर रुंदी असते. तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. रात्री नऊला कामावरून परतताना मी पथारीवाल्यांचे दिवे असलेल्या रस्त्याने येते, मोकळ्या आणि स्वच्छ रस्त्याने नाही, कारण तिथे कोणीतरी असतं. माझ्यासाठी ती कणसं विकणारी बाई ही सुरक्षेची व्यवस्था आहे. तिला हटवून मिळणाऱ्या रुंदीपेक्षा, एक गाड्यांची रांग कमी करून दोघींना मिळणारी रुंदी जास्त न्याय्य आहे. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून आधी मागावं, हा नियम आपण पंगतीत पाळतो. रस्त्यावर तो उलटा चालतो.

हे बदल मोठे आहेत, त्यांना पैसा आणि धाडस लागतं, विरोध होतो, निवडणुका येतात. म्हणून शेवटी एका लहान आकड्याकडे लक्ष वेधते. पादचाऱ्यांसाठीच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्वसाधारणपणे धरतात. रस्ता २४ मीटरचा असेल तर वीस सेकंद पुरतात. आता सेकंदाला ०.८ मीटर चालणारी कोणी घ्या: म्हातारी, पोटुशी, कडेवर मूल असलेली, नुकतं प्लॅस्टर काढलेली. वीस सेकंदांनंतर ती १६ मीटरवर असते. आठ मीटर उरलेले असतात आणि गाड्यांना हिरवा दिवा लागलेला असतो. तिने कोणताही नियम मोडलेला नसतो. सूत्रात 'सर्व' म्हणून जो माणूस धरला होता, ती तो नव्हती, एवढंच.

तो आकडा बदलायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत, फूटपाथ खोदावा लागत नाही, कोणाची पथारी उचलावी लागत नाही. वीसचे तीस सेकंद करायला एक सही पुरते. बाकीच्यांचे दहा सेकंद जातात. तेवढा वेळ इंजिन बंद करून, समोरून कोण चाललं आहे ते बघत थांबता येतं.